ज्या बैठकीला मी गेले नाही

वच्छलाताई गेल्याची बातमी मला वाडीतून कोणी कळवली नाही. ती ऑफिसच्या ईमेलवर आली, लेटरहेडवर नीट टाइप केलेली: 'आमच्या संस्थेच्या मार्गदर्शक श्रीमती वच्छलाबाई यांचे अल्पशा आजाराने दुःखद निधन झाले.' पाठवणारे त्या संस्थेचे सचिव, धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीतले निवृत्त अधिकारी. मजकूर छापायला द्यायचा आहे, जरा तपासून द्या, अशी विनंतीही सोबत होती. आणि मी तपासला. 'अल्पशा' काढलं, कारण आजार दीड वर्षाचा होता. 'संस्थापक' हा शब्द राहून गेला होता, तो घातला. दोन स्वल्पविराम दिले, परत पाठवलं आणि चहा मागवला. चहा समोर आल्यावर लक्षात आलं, अंत्ययात्रा आदल्या दिवशीच होऊन गेली होती... आणि जिला मी सहा वर्षं ओळखत होते, त्या बाईच्या मरणाचं मी प्रूफ वाचलं होतं.

मी नागपुरातल्या एका ट्रस्टमध्ये काम करते. ट्रस्ट लहान सामाजिक संस्थांना अनुदान देतो आणि त्यांची 'क्षमता वाढवतो'. हे दुसरं काम माझं. वच्छलाताईंची संस्था अमरावती रोडवर, वाडीत. तिथल्या ट्रान्सपोर्टच्या गोदामांत फाटलेली पोती शिवणाऱ्या बायका असतात. पोत्यामागे मजुरी, दिवसभर नाकातोंडात धूळ. ताईंनी स्वतः उभं आयुष्य पोती शिवली आणि त्यातूनच या बायकांची संस्था बांधली. गोदामांत बायकांसाठी संडास नव्हते, ते मालकांच्या मागे लागून बांधून घेतले. ट्रकांच्या आडोशाला झोपणाऱ्या लेकरांसाठी पाळणाघर काढलं. कार्यकारिणीत अकरा बायका, सगळ्या पोती शिवणाऱ्या, जवळपास सगळ्या बौद्ध. ऑफिस म्हणजे ताईंची भाड्याची खोली.

पहिल्यांदा गेले तेव्हा ताई दारातच म्हणाल्या, "जयभीम म्याडम!" मी म्हणाले, "नमस्कार." पुढची सहा वर्षं हेच चाललं. त्या जयभीम म्हणायच्या, मी नमस्कार म्हणायचे, आणि आपण काही फार मोठं करतो आहोत अशा थाटात फाइल उघडायचे. फाइलमध्ये संस्थेला गुण द्यायचा तक्ता असे. ताईंना त्याची भारी गंमत वाटायची. "परीक्षा घेऊन राहिल्या का? पेपर सोपा काढा बाई, आमी चवथीतून सुटलेल्या." मी हसायचे आणि गुण कापायचे. इतिवृत्त नाही, कापा. इंग्रजीत अहवाल नाही, कापा. कार्यकारिणीत पदवीधर कोणी नाही, कापा. शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, 'नेतृत्व कमकुवत.' समोर बसलेल्या बाईने मालकांच्या दारात महिनाभर ठाण मांडून संडास बांधून घेतले होते, आणि मी तिच्याच खोलीत, तिनेच दिलेल्या चहाचा घोट घेत हे लिहिलं.

एकदा त्यांनी विचारलं होतं. त्याच वर्षी ट्रस्टने धरमपेठेतल्या एका संस्थेलाही अनुदान दिलं होतं. तिची ना कधी बैठक व्हायची, ना कागद धड असायचे. ताईंना कुठून कळलं कोण जाणे. "त्याइची परीक्षा कोनं घेतली, म्याडम?" मी म्हणाले, "त्यांना आम्ही ओळखतो, ताई." त्या म्हणाल्या, "हाव... आमाले कोन ओळखते?" मी विषय बदलला. आमच्या कुठल्याही फॉर्मवर जात हा शब्द नव्हता, आणि मला त्याचा अभिमान होता. पण आमच्या टेबलाभोवती बसणाऱ्यांची आडनावं सगळी एकाच गोतावळ्यातली. तशाच आडनावाचं कोणी पुढे आलं की आम्ही विश्वासाने चेक लिहायचो, आणि वाडीतून कोणी आलं की तक्ता काढायचो.

मग मी संस्था सुधारायला घेतली. ट्रस्टची अट म्हणून कार्यकारिणीत तीन शिकलेले सदस्य आणले, तिघेही माझ्या ओळखीचे, सज्जन माणसं, पुढचे सचिव त्यांतलेच. त्यांना वाडीत येणं जमेना, म्हणून बैठक धरमपेठेतल्या हॉलमध्ये गेली, रविवारी सकाळी अकराला. रविवार त्यांच्या सुट्टीचा. गोदामाला रविवार नसतो. बैठकीला यायचं म्हणजे बायकांची दिवसाची मजुरी बुडायची, हे मला ठाऊक होतं. त्या दोन बैठकांना आल्या, मागच्या खुर्च्यांवर अंग चोरून बसल्या, चहा झाल्यावर उठून गेल्या. संस्थेला दिलेल्या नमुना नियमावलीत मी एक कलम घातलं होतं: लागोपाठ तीन बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व रद्द. वर्षभरात एकेक करून सगळ्या गळाल्या. शेवटी ताईही, तोवर त्यांचा खोकला वाढला होता. त्यांना 'मार्गदर्शक' केलं आणि अभिनंदन करायला मीच फोन केला. "मार्गदर्शक म्हंजे काय, म्याडम?" त्या म्हणाल्या. "रस्ता दाखवाचा आन आपन बाजूले हटाचं?" मी हसले. त्या वर्षी संस्थेचे गुण जवळपास दुप्पट झाले. ताईंचा फोटो लावून मी ती यशोगाथा आमच्या वार्षिक बैठकीत सांगितली, आणि टाळ्या घेतल्या.

शेवटची भेट त्या जाण्याच्या दोनेक महिने आधीची. नरखेडची संत्री घेऊन गेले होते. ताई खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. धूळ फुप्फुसात बसली, डॉक्टर सांगत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी मला अगं-तुगं केलं. "सहा सालं झाले वं पोरी. सोमवारी आली, शुक्रवारी आली... बुधवारी नाही आली कधी." बुधवारी गोदामात माल कमी येतो, म्हणून त्यांची जुनी बैठक बुधवारी दुपारी व्हायची. मी म्हणाले, "बुधवारी आमची स्टाफ मीटिंग असते ना, ताई." त्या म्हणाल्या, "हाव. तुमाले बी मिटिंग राह्यते." तेव्हाच बोलायला हवं होतं. ते कलम मी लिहिलं, तुमच्या बायकांना मी घालवलं, तुम्हालाही मीच घालवलं, माझं चुकलं... एवढंच. मी संत्रं सोलून त्यांच्या हातात फोडी ठेवत राहिले.

त्या गेल्यानंतर पाचव्या आठवड्यात, बुधवारी, मी स्टाफ मीटिंग सोडून वाडीला गेले. संस्था हातची गेली तरी बैठक सुरूच होती. ताईंच्या खोलीत बायका जमिनीवर गोल करून बसल्या होत्या. भिंतीवर एक रिकामं पोतं टांगलेलं, आणि आत येणारी प्रत्येक बाई कमरेचं दाभण काढून त्यात टोचून ठेवत होती. ही त्यांची हजेरी. दाभण लागलं की बाई बैठकीत आली. बैठक संपली की आपलं काढून घेऊन जायची. पोत्याकडे एक नजर टाकली की किती जणी आल्यात ते कळतं. कुणाची सही लागत नाही, कुणाचा अंगठा लागत नाही. मी तक्त्यात त्यांच्या हजेरीपटाला शून्य दिलं होतं.

मला बसायला सांगितलं, पण मी उभ्यानेच बोलून टाकलं. कलम माझं होतं. सदस्यत्व परत मिळावं म्हणून मी सचिवांशी बोलले आहे. नियमाप्रमाणे प्रत्येकीने अर्ज करावा, असं ते म्हणतात. मग ताईंच्या जोडीने वर्षानुवर्षं पोती शिवलेल्या पार्बताबाई म्हणाल्या, "आमच्याच घरात याले आमी अर्ज करावा?" त्या पुढे म्हणाल्या, "अन कलम तुमी लिवलं हे आमाले मालूम आहे, म्याडम. ताईनंच सांगतलं होतं. म्हने, तिले काही बोलू नका. तिले समजन तवा ते सोता येईन."

मी खाली बसले. तासभर बैठक चालली, एका गोदामातल्या पाण्याच्या टाकीवर. ज्या बायका तिथं काम करतात त्या आधी बोलल्या, बाकीच्यांनी ऐकलं, आणि शेवटी एकेकीने नाव घेऊन होकार दिला. मला कोणी काही विचारलं नाही. उठताना प्रत्येकीने पोत्यातून आपलं दाभण काढून घेतलं. एक राहिलं. ते ताईंचं; कोणी काढत नाही. मीही उठले आणि सवयीने पर्स चाचपली, काही राहिलं तर नाही ना म्हणून... पण त्या पोत्यात माझं काहीच नव्हतं. सहा वर्षांत मी त्या बैठकीला एकदाही आले नव्हते.