कुलपाचा विनोद

नवऱ्याला 'अहो' म्हणत बसले तर हा लेख पुढं सरकायचा नाही, म्हणून इथं त्याला 'तो'च म्हणते. एकट्यानं माईकपुढं उभं राहायचं आणि लोकांना हसवायचं, हा त्याचा नाद. पोटासाठी मात्र कागलच्या एमआयडीसीत लेथवर नोकरी.

नव्वदच्या दशकात कोल्हापुरात हसवणं म्हणजे नकला. नटांचे आवाज, कोंबडी, घाट चढणारी एसटी. हा साध्या शर्टात उभा राहायचा आणि आपल्या घरातलं सांगायचा. आम्ही बौद्ध. आमच्या घरातलं सांगायचं म्हणजे गावानं काय काय केलं तेही त्यात येणारच. सुरुवातीला लोक कावरेबावरे व्हायचे, हसावं की नाही कळायचं नाही. मग असे हसायचे की मांडव डोक्यावर घ्यायचे.

त्याच्या सगळ्या गोष्टींत त्याची आई असायची. माझ्या सासूबाई शाहूवाडीकडच्या, दुसऱ्यांच्या भातलावणीत जन्म गेलेला. सगळ्यात गाजला तो कुलपाचा विनोद. आई आणि मुलगा शहरात खोली बघायला जातात. मालक आडनाव विचारतो, ऐकतो आणि म्हणतो, "खोली कालच दिली की, पावणं." त्यावर आई म्हणते, "मग भायेरनं कुलूप का घातलंय? भाडेकरू आत कोंडलाय व्हय?"

या वाक्याला माणसं पोट धरून हसायची. रिक्षावाल्यांपासून बँकेतल्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ते पाठ. पहिल्या रांगेत डोळे पुसत हसलेल्या एका गृहस्थांकडंच पुढं आम्ही खोली बघायला गेलो. त्यांनी चहा पाजला, "तुमच्यासारखा कलाकार न्हाय" म्हणाले आणि खोली भाच्यासाठी ठेवलीय असंही म्हणाले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. हसून माणूस सुधारतो असं कुणाला वाटत असेल, तर त्याला मी त्या घरचा पत्ता देईन.

खरं तर सासूबाई ते वाक्य बोलल्याच नव्हत्या. मी होते तिथं, नवी नवरी. मालक 'दिली' म्हणाला, समोर दाराला कुलूप दिसत होतं, आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडल्या. ते वाक्य त्यानं नंतर घरी येऊन रचलं. तेव्हा मला ते फार आवडलं होतं. वाटलं, बरं झालं, आईच्या वतीनं कुणीतरी जबाब दिला.

दोन हजारनंतर कधीतरी सासूबाई गेल्या. आमच्यात पुण्यानुमोदनाला वंदना झाली की एकेकानं उठून गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलायची रीत आहे. आदल्या दिवशी तो मला म्हणाला, "उद्या खरं सांगणार हाय. ती रडली हुती, ह्ये एकदा तरी लोकांस्नी कळाय पायजे. न्हायतर ती नुसती इनोदातली बाई ऱ्हायाची."

मांडव भरला होता. कारखान्यातले, गल्लीतले, कार्यक्रमांना येणारे, सगळे आले होते. तो उठला. "आई माझ्यासंगं खोली बघाय आलती," एवढंच म्हणाला, तर मागं कुणीतरी फिसकन हसलं. "ती काय बोलली न्हाय." हशा. लोकांना वाटलं, मुद्दाम लांबवतोय, आता कुलूप येणार. "पायरीवर बसून रडली." आणखी मोठा हशा. "खरंच सांगतोय!" तो ओरडला, त्याचा आवाज फाटला, आणि टाळ्या पडल्या. वाईट कुणाच्याच मनात नव्हतं, आणि तेच मला आजही सहन होत नाही. आई म्हटलं की हसायचं, हे इतकी वर्षं त्यानंच त्यांना शिकवलं होतं. मेणबत्त्यांकडं बघत तो खाली बसला.

कार्यक्रम त्यानं सोडले नाहीत, पण त्यातून आईला काढून टाकलं. लोक 'कुलूप, कुलूप' ओरडायचे आणि तो पाण्याचा ग्लास उचलायचा. पुढं फुप्फुसांनी दगा दिला आणि तोही गेला.

आता कॉलेजच्या गॅदरिंगला नकला कुणी करत नाही. पोरं साध्या कपड्यांत उभी राहतात आणि आपापल्या घरचं सांगतात. त्याला ती 'सर' म्हणायची; हे सगळं सरांमुळं, असं भाषणातही म्हणतात. मला अभिमान वाटायला हवा. मला राग येतो, आणि तो कुणावर काढावा तेही कळत नाही.

मध्ये त्यांच्यातलाच एक, बऱ्यापैकी नाव झालेला, घरी आला. तो विनोद त्याला आपल्या कार्यक्रमात घ्यायचा होता, म्हणून विचारायला आला होता. चांगला माणूस, आल्या आल्या पाया पडला. मी म्हटलं, घे, पण आधी काय झालं होतं ते ऐक. मालक सांगितला, आडनाव सांगितलं, दारावरचं कुलूप सांगितलं. "आणि सासूबाई काहीच बोलल्या नाहीत," म्हणाले आणि थांबले, कारण पुढचं मला बोलवेना.

तो खळखळून हसला. "काकी," म्हणाला, "तुमालाबी सरांसारखंच बरोबर थांबाय येतंय की!"