वीतभर कागद

देशपांडेसाहेबांची न् माझी पहिली गाठ छावणीजवळच्या औषध-तपासणीच्या प्रयोगशाळेत पडली. मी तिथं रोजंदारीवर बाटल्या धुवायला लागले होते. साहेब यंत्रं सांभाळायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला भिंतीवरच्या चार्ट रेकॉर्डरपुढं उभं केलं. आत कागदाची गुंडाळी हळूहळू सरकत होती न् पेन तिच्यावर लाल रेघ ओढत होतं. साहेब म्हणाले, "कौसाबाई, नमुन्यांचं थंड कपाट गार असलं की रेघ खाली, तापलं की वर. झालं, तुम्हाला वाचता आलं." मला अक्षर ओळखू येत नाय, हा लेखसुद्धा मी बोलते न् नात लिहिते. पण ती रेघ मी रोज वाचली, पेनात शाईही मीच भरली.

साहेबांना पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून हा गौरवग्रंथ निघतोय. त्यांच्या सचोटीवर पुष्कळ लोक गोड लिहितील. मला त्या सचोटीचा चटका बसलेला आहे, म्हणून मी कडू बोलते. संपादकांनी गाळू नये.

माझी कायम होण्याची ऑर्डर सहीला गेली होती. त्याच आठवड्यात साहेबांकडं पाहुणे आले. "कौसाबाई, चहा होईल का?" मी थंड कपाटाचा प्लग काढून तिथं शेगडी लावली. साहेबांनी तर दोनदा चहा घेतला. प्लग परत लावायचा राहिला. दुपारपर्यंत रेघ वर चढली न् कपाटातले नमुने वाया गेले.

मी म्हटलं, "साहेब, एवढा वीतभर कागद फाडा. गुंडाळी संपली होती म्हणा."

साहेबांनी चष्मा पुसला. "कागद फाडता येत नाही, बाई."

"फाडून बघितला का कधी?"

चौकशीत त्यांनी लिहून दिलं, "चहा माझ्या पाहुण्यांसाठी केला होता, चूक माझीही धरावी." ते लिहिलेलं कोणी वाचलं नाय. रेघ मात्र सगळ्यांनी वाचली. ऑर्डर गेली ती गेलीच. मी रोजंदारीवरच म्हातारी झाले. आज पेन्शन नाय.

पुढं चार वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग एका उन्हाळ्यात मोठ्या साहेबांनी नमुन्यांच्या खोलीतला एसी काढून स्वतःच्या केबिनमध्ये बसवला. नमुने तापले, तरी वर कळवलं की खोली गारच होती. त्या खोलीची रेघही याच रेकॉर्डरवर उमटायची, ती वेगळं सांगत होती. मोठे साहेब आले न् म्हणाले, "देशपांडे, त्या जुनाट यंत्राचं काय घेऊन बसलात? कागद काढून टाका."

मी फडकं घेऊन दारातच होते. खरं सांगते, साहेबांनी तेव्हा कागद फाडावा असं मला लई वाटलं. जन्मभर शिव्या द्यायला मी मोकळी झाले असते.

साहेब म्हणाले, "या बाईंसाठी फाडला नाही. तुमच्यासाठी कसा फाडू?"

महिन्याभरात त्यांची बदली बिडकीनच्या गोदामात झाली. बढतीही हुकली.

रेकॉर्डर भंगारात निघाला. त्याच्या जागी पडद्याचं यंत्र आलं. ते बंद पडलं तेव्हा आतल्या सगळ्या नोंदी घेऊन गेलं. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. जुना रेकॉर्डर साहेबांनी भंगारातून सोडवून गारखेड्याच्या घरी नेला. तेलाचा थेंब न् शाई मिळाली की तो अजून चालतो. मध्यंतरी मी गेले, तर साहेबांच्या पत्नी कमलवहिनी सांगत होत्या, "आमच्या फ्रिजला लावलाय. दार उघडं राहिलं की मला कागद दाखवतात."

"तुम्हालाबी सोडलं नाय का?" मी म्हटलं.

साहेबांनी माझ्या त्या दुपारची, जपून ठेवलेली गुंडाळी काढली. शाई फिकी पडलीय, चढ तसाच आहे. मी त्यावर बोट ठेवलं. साहेब हळूच म्हणाले, "चहा चांगला झाला होता."

लोक म्हणतात, आता राग सोडा. पण माझा राग फिटायला अजून लई वर्षं लागतील, न् समोर माणूसच नसलं तर तो काढू कोणावर? म्हणून साहेबांनी धडधाकट राहावं, गुडघे सांभाळावेत, शंभरी गाठावी. राग संपला की मी स्वतः गारखेड्याला येऊन सांगेन. तोवर त्यांनी कुठं जायचं नाय.