देवाच्या कृपेनं छान

हेर्मेलिंदा माझी शेजारीण. चोलोमा शहराच्या टेकडीवर आमची घरं भिंतीला भिंत लागून होती. टोळीवाल्या पोरांनी तिच्या लेकीवर, नोल्वियावर, डोळा ठेवला. हिनं पोरगी दिली नाही, तर घर जाळलं. मग मायलेकी आसरा मागायला उत्तरेच्या मोठ्या देशाकडे गेल्या. लेक तिकडे राहिली. हिला विमानात बसवून परत धाडलं. आता ती माझ्या मागच्या खोलीत राहते.

परत धाडलं ते हिच्या जिभेच्या सवयीपायी. सीमेवर दोघींना वेगवेगळं बसवून विचारलं. लेक ढसाढसा रडली, सगळं सांगून मोकळी झाली. हिला साहेबानं विचारलं, "घरी कसं चाललं होतं?"

"देवाच्या कृपेनं छान!"

वादळानं छप्पर उडालं तरी आम्ही परक्याला हेच सांगतो. आपलं रडगाणं कुणापुढे गायचं नाही.

"भीती कुणाची?"

"देवाची, साहेब."

झालं! धोका नाही, असं साहेबानं ठरवून टाकलं. मला अजून राग येतो, त्याचाही आणि हिचाही.

रोज संध्याकाळी ती रोट्या थापते, आत घेवड्याचं सारण भरून दुमडते. लेकीच्या वाटणीची एक जास्तच.

"कोण खाणार गं ही?" मी विचारते.

"असू दे. आली तर?"

मग ती रोटी ताटलीत झाकून ठेवते आणि दाराकडे बघत बसते. तिला तसं बघून माझा जीव तुटतो.

परवा तिकडे नोल्वियाच्या आसऱ्याच्या अर्जाची सुनावणी होती. वकिलानं आईची साक्ष फोनवर ठेवली होती. मी आधीच दम दिला, "आज छान म्हणालीस ना, तर जीभ हासडीन."

दुभाष्यानं न्यायाधीशबाईंचा पहिलाच प्रश्न सांगितला, "कशा आहात?"

"देवाच्या कृपे..."

मी कचकन चिमटा काढला. ती थांबली. मग म्हणाली, "छान नाहीये, बाईसाहेब." आणि बांध फुटला. ती पोरं, त्यांच्या धमक्या, आग, सगळं सांगितलं. मलाही न सांगितलेलं सांगितलं.

शेवटी बाईंनी विचारलं, "मुलगी तुमच्याकडे परत आली तर?"

हेर्मेलिंदा कितीतरी वेळ आदल्या रात्रीच्या झाकलेल्या ताटलीकडे बघत राहिली. फोनवर दुभाष्या हॅलो हॅलो करत होता.

"तिला माझ्याकडे पाठवू नका," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आमच्यापुरत्याच रोट्या केल्या. मला राहवलं नाही. मी उठले आणि आणखी एक थापली.