नानांच्या पुस्तकातले ठिपके

हे मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला सांगायला हरकत नव्हती, पण तो म्हणाला असता, एवढंच ना — आणि तेच मला ऐकायचं नव्हतं. एवढंच नाही ते. सहा वर्षं होतील आता, तरी कुणी नानांचं पुस्तक मागितलं की कपाटाकडे जाताना माझे पाय रेंगाळतात. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. म्हणजे बघा, सुरुवातच पळपुटी झाली.

पहूरच्या पुढच्या एका गावात मी वाचनालय सांभाळते. एक खोली, सात कपाटं, मध्ये लांब टेबल. आणि या खोलीत सगळ्यात जास्त हाताळलेली पुस्तकं कुणाची, तर नानांची. नाना धुळ्याचे. भुताखेतांच्या, यक्ष-राक्षसांच्या गोष्टी लिहायचे, पण घाबरवायला नाही. त्यांचा मुंजा पिंपळाखाली लाऊडस्पीकर लागला म्हणून लिंबाच्या झाडावर बदली मागायचा. त्यांचा एक यक्ष भरताच्या वासानं स्वर्गातून खाली उतरला आणि वांगी संपेपर्यंत परत जायचं विसरला. आणि तो तीनशे वर्षांचा राक्षस! एसटीत चढतो, ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं तिकीट मागतो, कंडक्टर वयाचा पुरावा दाखव म्हणतो, तर हा खिडकीतून हाक मारून आईलाच बोलावतो. मी बी.लिब. झालेली बाई, पण ते पान वाचून टेबलावर डोकं ठेवून हसले होते.

आमच्याकडे एक रीत होती. ती माझ्या आधीपासूनची, आणि ती पाडली होती आबांनी. आबा मूळचे साक्रीकडचे, एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन लेकीच्या गावी राहायला आले. नानांचं पुस्तक वाचताना जिथं हसू येईल तिथं, ओळीच्या कडेला, पेन्सिलीनं एक ठिपका द्यायचा. नाव नाही, शेरा नाही, फक्त ठिपका. टेबलाच्या पायाला सुतळीनं पेन्सिल बांधलेली असायची. राक्षसाच्या तिकिटाचं पान तर खसखस सांडल्यासारखं दिसायचं. कुणाचा ठिपका कुठला, हेही पुढे पुढे ओळखू यायला लागलं होतं. आबांच्या बायकोचा — सगळे त्यांना अक्का म्हणत — लगेच ओळखू यायचा. चौथी शिकलेल्या अक्का ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या आणि ठिपका असा दाबून द्यायच्या की मागच्या पानावर टेंगूळ यायचं.

अक्का गेल्या. त्यानंतर आबा वाचनालयात येऊन पुस्तक उघडायचे, पण वाचायचे नाहीत. ठिपके बघत बसायचे. मला हे माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला कुठली पळवाट उरायला नको.

मग नाना आमच्याकडे येणार असं ठरलं. वाचनालयाचा वर्धापनदिन होता, आणि ते आढेवेढे न घेता हो म्हणाले. गावभर आनंद. समितीनं हार सांगितला, शाल आणली, कुणी कुणी भरताची तयारी धरली. आणि मी काय केलं? मी पुस्तकं स्वच्छ करायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. लेखक आपली पुस्तकं बघायला मागतील, अशी चिताडलेली कशी दाखवायची, लोक म्हणतील बाईचं लक्ष नाही — असलं काहीतरी डोक्यात होतं. दोन दुपारी मी खोडरबर घेऊन बसले. अकरा पुस्तकं. टेबलावर खोडरबराचा भुगा जमायचा, तो मी फुंकून टाकायची. खरं सांगू? मला छान वाटत होतं. पान कोरं झालं की डोळ्यांना बरं दिसायचं.

अक्कांचे ठिपके मात्र पुरते जाईनात. काळं गेलं, पण खळगा राहिला. बोट फिरवलं की लागायचा. तेव्हा तरी हात थांबायला हवा होता ना? मी अजून जोर लावला.

नाना आले ते भर उन्हात, धुळ्याहून एसटीनं. गुडघा दुखत होता, पायरी चढताना कठड्याला धरून उभे राहिले. चहा घेताना मला म्हणाले, दोन वर्षं झाली, एक गोष्ट अर्ध्यावर पडली आहे. पुढे लिहावंसं वाटत नाही. हसतं का कुणी अजून, तेवढं बघायला आलोय. मी हसले, काहीतरी बोलले, बशी उचलली.

कार्यक्रम संपला. हार-शाल झालं. मग नानांनी पिशवीतून एक आंतरदेशीय पत्र काढलं. आबांचं होतं. त्यातली एकच ओळ त्यांनी वाचून दाखवली — माझी बायको गेली, पण ती कुठं कुठं हसली ते तुमच्या पुस्तकात तसंच आहे. मग चष्मा लावून माझ्याकडे वळले आणि अगदी लहान मुलासारखे म्हणाले, "ते पुस्तक बघायला मिळेल का, ताई?"

मी राक्षसाचं पुस्तक आणून त्यांच्यापुढे ठेवलं. तिकिटाचं पान उघडलं त्यांनी. उलटलं. पुढचं उलटलं. मागे आले. समिती उभी, अध्यक्ष उभे, आबा दाराशी. सगळ्यांना ठिपके माहीत होते, सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी बोलले. मला आवाजही आठवतो माझा, कसा नीटस होता. "आमच्याकडे पुस्तकावर कुणी खूण करत नाही, नाना."

अध्यक्ष हाराच्या खाली पडलेल्या पाकळ्या उचलायला लागले. पाहुण्यांसमोर बाईला खोटं कसं पाडायचं? नानांनी आबांकडे पाहिलं. आबांनी आधी पुस्तकाकडे पाहिलं, त्या कोऱ्या पानाकडे, बराच वेळ. मग माझ्याकडे. मला वाटलं, आता हे बोलतील. वाटलं काय, बोलावं असंच वाटत होतं. पण ते नानांजवळ गेले आणि आपल्या मुलखाच्या माणसाशी बोलावं तसे हळू, अहिराणीत म्हणाले, "नाना, मीच जरा वाढाईसनी लिखेल व्हतं. म्हतारा माणूस शे मी."

नाना म्हणाले, वाढवून लिहिलं, असं होय. चष्मा काढून खिशात ठेवला. आबांच्या खांद्यावर थोपटलं, जेवले, भरताची तारीफ केली आणि चारच्या गाडीनं गेले. पत्र त्यांनी टेबलावरच ठेवलं होतं. विसरले की ठेवून गेले, हे मला कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आबा आले. तेच पुस्तक मागितलं. माझ्यासमोर बसून सुतळीची पेन्सिल ओढली, राक्षसाच्या पानावर एक ठिपका दिला, त्यांचा स्वतःचा, हलका, आणि पुस्तक परत केलं. लेकीच्या बागेतली केळी आणली होती, ती माझ्या टेबलावर ठेवली. त्या केळ्यांकडे बघून मला रडू आलं, आणि मी ती घरी नेऊन पोरांना वाटली.

दीड वर्षानं नाना गेले. ती गोष्ट अर्धीच राहिली. ठिपके दिसले असते तर त्यांनी ती पुरी केली असती का? मला ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणून मी सुटत नाही. शोकसभा आमच्याच खोलीत झाली. मी बोलले. नाना इथून किती समाधानानं गेले, असं सांगितलं. लोकांनी डोळे पुसले. आबा पहिल्या रांगेत बसून माझं ऐकत होते.

आबा अजून येतात. त्यांना सगळं ठाऊक आहे, म्हणून त्यांना सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नाही. ज्यांना सांगायचं होतं ते राहिले नाहीत. पानांवर आता नवे ठिपके आले आहेत, पुन्हा खसखस दिसते. खळगे मात्र ते जुनेच आहेत. दुपारी खोली रिकामी असली की मी त्यावरून बोट फिरवते, आणि प्रत्येक वेळी अक्का लागतात.

त्या दिवशीही ते खळगे तिथंच होते. नानांचं बोट पानावर होतं, खळग्यापासून दोन ओळी वर. मला फक्त ते बोट धरून खाली आणायचं होतं. मी शेजारीच उभी होते.