गजावरची खूण

भरलेली बंदूक घरात न्यायची नाही, ही लाहूच्या बापाची रीत. बार अंगणात भरायचा, बंदूक बाहेर ओटीच्या मेढीला टेकवायची, आत जाऊन हिरवा या घरदेवाच्या मोरपिसांना हात जोडायचे आणि तसेच शेतावर निघायचे. चुलीपुढे आणि देवापुढे बंदूक मेलेली चालते, जिवंत नाही, असे बाप म्हणे.

बाप जाऊन कितीतरी पावसाळे झाले. ठासणीची ती बंदूक आणि पिकाच्या राखणीचा परवाना लाहूच्या नावावर आला. झरीच्या त्या पाड्यात दुसऱ्या कुणाकडे परवाना नव्हता. त्यामुळे भात पोटरीला आले की ज्याच्या त्याच्या शेतातल्या राखणीच्या माळ्यावर लाहूलाच बसावे लागे. आता त्याचे गुडघे कुरकुरत, उजव्या खांद्यात बंदुकीचा जुना धक्का घर करून राहिलेला. तो थकला होता. नाही म्हणण्याचाही त्याला कंटाळा येई.

यंदा डुक्कर त्याच्याच शेतात शिरले. एकटा नर, पाठीवर राठ केसांची आयाळ वाढलेला. वनखात्याने त्याला मारायची परवानगी दिली होती. भाताची अर्धी पट्टी त्याने लोळवली होती. उरलेली पट्टी म्हणजे लाहू आणि त्याची बायको जिवली यांचे वर्षाचे भात. कणसरी या धान्यदेवीला वाहायची पहिली ओंजळही त्यातलीच.

दुपार कलल्यावर लाहू अंगणात बसला. उन्हात वाळवलेली दारू त्याने बांबूच्या नळीने मोजून बंदुकीच्या नळकांड्यात ओतली, वर काथ्याचा बोळा लाकडी गजाने ठासला, मग शिशाची एकच गोळी. त्याचा पुतण्या बाबल्या उकिडवा बसून बघत होता.

"काका, एवढ्याशा दारूनं काय होतंय? तो डुक्कर हाय, होला नाय."

"पुरंल."

"आन गोळी एकच? तुझ्या डोळ्यात पडदा आलाय. छर्रे भर मूठभर. एक तरी लागंल."

"लागंल आन तो रानात जाऊन कुजंल," लाहू म्हणाला. "नायतर जखम घेऊन परत येईल. आपल्या पाड्यातल्या लडक्याची मांडी कुणी फाडली? छर्रे खाल्लेल्या डुकरानंच ना?"

"मग दारू तरी वाढव."

"दारू वाढवली की गोळी वर उडते आन खांदा खाली येतो. गोळी एक असली की मानूस जवळ जातो. जवळून मारली की जनावर जागेवर बसतं. लांबून मारायची हौस मला नाय."

"जवळ जायला पाय कुठं हायेत तुला?" बाबल्या हसला.

लाहू उठला. त्याने बंदूक मेढीला टेकवली आणि हात जोडायला आत गेला. आत जिवली भाकरी बांधत होती. "आज शेवटचं जा," ती म्हणाली. दर वर्षी ती हेच म्हणे. तो जरा वेळ देवापुढे टेकला. उठावेसे वाटत नव्हते.

सूर्य झाडांमागे गेला तेव्हा तो माळ्यावर पोचला. तिथे बसल्यावर बापाची दुसरी रीत. बार पेटवणारी तांब्याची टोपी चढवण्याआधी गज पुन्हा एकदा नळकांड्यात सोडून बघायचा. गजावर चाकूने केलेली खूण होती. बार नीट असला की ती खूण नळकांड्याच्या तोंडाशी येऊन थांबे. लाहूने गज सोडला. खूण वर राहिली, चांगली चार बोटे वर.

त्याने गज काढून पुन्हा सोडला. बोटाने चाचपले. खूण तिथेच.

मग त्याला अंगण आठवले, मेढ आठवली, आणि बाबल्याचे हसणे. आपल्या बारावर दुसरा बार बसला होता. चाप ओढला असता तर नळकांडे फुटून आधी त्याचाच चेहरा गेला असता.

भात हलले. नर संधिप्रकाशात बाहेर आला, इतका जवळ की पडदा आलेल्या डोळ्यालाही त्याचे सुळे दिसले. असा मोका पुन्हा मिळणार नव्हता. लाहूच्या मांडीवर बंदूक होती आणि ती काठीहून निरुपयोगी होती. त्याने माळ्यावरचा डबा बडवला, आरोळ्या दिल्या. डुकराने मान वर केली, दोन उड्या मारून तो पट्टीच्या पलीकडच्या टोकाला गेला आणि पुन्हा खाऊ लागला. लाहूचा घसा बसला. मग तो नुसता बसून राहिला, आपले भात कराकरा चावले जाताना ऐकत.

सकाळी ओहोळावर बसून त्याने नळकांड्यात पाणी ओतले. दारू भिजल्यावर वाकड्या तारेने एकेक बोळा ओढून काढला. आधी छर्रे पडले, मग काळा चिखल, शेवटी त्याची गोळी. बाबल्या समोर उभा होता. छर्रे बघून त्याने मान खाली घातली.

"मला वाटलं, तुला मदत व्हईल."

लाहूने गोळी पाण्यात धुतली. "झाली असती," तो म्हणाला. "जिवली मोकळी झाली असती."

त्या दिवशी बाबल्या बायकोपोरांसकट विळे घेऊन आला. न बोलवता. उरलेले भात थोडे हिरवे होते, तरी सगळ्यांनी मिळून कापले. जिवलीने पहिली ओंजळ कणसरीसाठी बाजूला ठेवली. ओंजळ भरली, इतके तरी उरले होते.

शेवटची पेंढी बांधताना बाबल्या हळूच म्हणाला, "काका, इथलं संपलं. आता तो माझ्या शेतात येनार."

"येनारच."

"तू... बसशील माळ्यावर?"

लाहूने खांदा चोळला, आभाळाकडे बघितले. "बार मी भरीन. एकच गोळी. तू माझ्या बाजूला बसायचं." त्याने गज उचलून बाबल्याच्या हातात दिला, त्याचा अंगठा त्या खुणेवर टेकवला. "आन टोपी चढवायच्या आधी हा तू सोडायचा. माझ्या डोळ्यांना आता सांजेचं दिसत नाय."