पुरचुंडीतले वाल

आमची सेक्शन बर्फातल्या वरच्या पोस्टवर गेली तेव्हा मी हवालदार होतो. दत्ताराम माझ्या हाताखाली नाईक. त्याचं गाव चौकजवळ, माझं कर्जतजवळ. त्यामुळे पलटणीत तो मला दादा म्हणायचा.

वर चढण्याआधी दोघांना सुट्टी मिळाली होती. परतताना मी त्याला घ्यायला घरी गेलो. त्याची बायको इंदू हिने त्या दिवशी गावदेवीपुढे नारळ ठेवला. नवरा घरी येईपर्यंत अंडं, मच्छी, मटण आणि वाल तोंडात घालणार नाही, असं बोलली. आमच्याकडे बायका असं धरतात. जिवाला आवडतं ते सोडायचं. वालाचं बिरडं नवरा-बायको दोघांनाही फार आवडे, म्हणून वाल तिने मुद्दाम घातले. निघताना घरातले सगळे कडवे वाल तिने त्याच्या पिशवीत भरले.

"मी सोडलं. तुमी खावा," म्हणाली.

वरच्या पोस्टवर भूक मरते. रेशन असतं. टिनमधले मासे, अंड्याची पावडर, सुका मेवा. पण घास तोंडात फिरत राहतो. नुसत्या भातावर आणि गोड चहावर राहिलात तर अंगावरचं मांस झडेल, प्रोटीन पोटात गेलंच पाहिजे, असं मेडिकल ऑफिसरने बजावलं होतं. जवानांना जेवायला लावणं ही माझी ड्यूटी होती. दत्तारामला सांगावं लागत नसे. तो मासा दोनदा घ्यायचा.

"एक माझा, एक तिचा. ती तिकडं सोडून बसलीय, मी हिकडं दोघांचं खातोय."

वालांना मात्र तिथे मोड येईनात. पाणीच गोठायचं. मग दत्ताराम भिजवलेले वाल फडक्यात बांधून ती पुरचुंडी कोटाच्या आत, छातीशी ठेवू लागला. झोपेत आणि सेंट्री ड्यूटीवरसुद्धा. साताऱ्याचा एक शिपाई रोज विचारायचा, "नाईकसाहेब, बाळंतपण कधी?" मोड आले की सगळी सेक्शन स्टोव्हभोवती वाल सोलायला बसायची. त्या दिवशी कुणाला जेव म्हणावं लागत नसे.

एका सकाळी खालच्या पोस्टवरून रॉकेल आणायला आम्ही चौघे एका दोरावर निघालो. पुढे दत्ताराम, त्याच्या मागे मी. पुरचुंडी कोटात होती.

"ठेवून ये ती."

"गार पडतील ना, दादा. उद्या मोड फुटतील."

अर्ध्या वाटेत त्याच्या पायाखालचा बर्फ खचला. खाली भेग होती. दोर ताणला, मी आडवा पडून आइस ॲक्स रोवली. मग दोर एकदम हलका झाला. बर्फाच्या धारेवर तो कापला गेला होता.

खालून आवाज आला. "दादा."

"आहे रे. दोर सोडतो."

उरलेला दोर त्याच्यापर्यंत पोचला नाही. मी रेडिओ घेतला.

"एक जवान भेगेत. लांब दोर आणि माणसं पाठवा. ओव्हर."

"वादळ येतंय. पार्टी मागे घ्या. ओव्हर."

"त्याचा आवाज आला होता. ओव्हर."

"आता येतोय का? ओव्हर."

मी कान देऊन ऐकलं. "नाही. ओव्हर."

"मागे या. आउट."

आम्ही मागे आलो. वादळ सरल्यावर शोध घेतला. भेग बुजली होती.

इंदूवहिनीला मीच जाऊन सांगितलं. "अजून सापडला नाही," म्हणालो. रिपोर्टमध्ये 'अजून' नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं. आवाजाचं काहीच बोललो नाही. पुढे सरकारने त्याला शहीद ठरवलं, पेन्शन लागली. पण वहिनीने सोडलेलं पुन्हा तोंडाला लावलं नाही. ती अजून वाट बघते, असं गाव म्हणायचं. मलाही तेच वाटायचं, आणि ती वाट मी दाखवली होती.

आता वहिनी म्हातारी झाली. यंदा ती अंगणात दोनदा पडली. तिची मुलगी शोभा मोहोपाड्याला असते. तिचा फोन आला, म्हणून मी वहिनीला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी दंड चाचपला. पायांतही जोर उरला नव्हता.

"आजी, रोज काय खाता?"

"भात. भाकरी. पेज."

"म्हणून असं झालंय. रोज प्रोटीन हवं. अंडं, मासे, डाळी, कडधान्य. नाहीतर पुढच्या वेळी अंथरुणातून उठणार नाही."

दुधाने तिचं पोट फुगतं. डाळही पचत नाही, वरचं पाणी तेवढं घेते. शोभाने प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला होता. पुढच्या खेपेला मी विचारलं, "संपली का पावडर?"

"संपली की. कोंबड्यांना घातली. काय अंडी देत्यात, भावजी! शोभाला धाडली डझनभर."

ती वाल सोलत बसली होती. मी गेलो की ती नेहमी बिरडं करते. आता बोललो नाही तर राहूनच जाईल, असं वाटलं. आवाज, दोर, रेडिओ, 'अजून', सगळं सांगितलं.

"तो येणार नाही, हे मला तेव्हाच माहीत होतं, वहिनी. आता तरी खा."

तिचे हात थांबले नाहीत.

"मला पण तवाच कळलं व्हतं. तुमी उंबऱ्यात उभं राहिलात, आत येईनात."

"मग इतकी वर्षं कशाला सोडलंत?"

"ते आल्यावर खाईन, असं मी देवीला बोलले व्हते. ते आलं नायत. मग कशी खाऊ?"

मी आयुष्यभर माणसांना हुकूम दिले. आता मूठभर वाल पुढे ओढले आणि तिच्याबरोबर सोलू लागलो.

तिने मला बिरडं वाढलं आणि आपल्या ताटात पेज घेतली.

"मीठ बरं हाय का बघा. मला चाखता येत नाय."

"बरोबर आहे," मी म्हणालो आणि सगळं खाल्लं.

घरी परतताना दत्तारामची ती पुरचुंडी आठवत राहिली. मोड दुसऱ्या दिवशी फुटणार होते. त्याच्या छातीची ऊब तोवर टिकली का, हे मला कधीच कळणार नाही.