मुख्य गोष्ट पहिल्या वाक्यात

किस्से आमच्या घरातल्या डब्यांसारखे साठतात. कुणाचा कुठला ते आठवत नाही, परत करायचे राहून जातात, आणि एक दिवस कपाट उघडलं की सगळे अंगावर! गेल्या रविवारी इथं अमेरिकेत, आयसेलिनच्या एका देशी हॉटेलात आम्ही चौघी मैत्रिणी डोसा खायला बसलो होतो. मंजू म्हणाली, "सुनंदा, तुझ्या शाळेतलं सांग ना काहीतरी." झालं, कपाट उघडलं.

माझी शाळा म्हणजे न्यू जर्सीतलं एक कॅथलिक हायस्कूल. इथल्या इंग्लिश डिपार्टमेंटची असिस्टंट म्हणून मला बारा वर्षं झाली. मी स्वतः बारावी पास, तीही साताऱ्याला, मराठी माध्यमातून. आधी शाळेच्या कॅफेटेरियात वाढायचे. मग इंग्लिशचे हेड मिस्टर हॅन्ली यांना झेरॉक्स काढायला कुणीतरी हवं होतं, म्हणून वर गेले. चौदा नंबरच्या खोलीत खिडकीपाशी एक टेबल मिळालं. मुलं झेरॉक्स न्यायला यायची, ती तिथंच निबंध दाखवायला लागली. मी म्हणायचे, "मोठ्यानं वाच." वाचताना जिथं जीभ अडखळेल तिथं मी पेन्सिलीनं टिंब द्यायचे. एवढंच माझं शिक्षण! पण दुपारी शाळा सुटल्यावर त्या टेबलापाशी रांग लागायची. खोटं कशाला बोलू, ते टेबल मला घरातल्या देव्हाऱ्याइतकं जवळचं वाटायचं.

आमच्या इथल्या मराठी ग्रुपमधले रिटायर्ड डॉक्टर देशमुखकाका मात्र दर गणपतीत नव्या पाहुण्यांना सांगतात, "ही आपली सुनंदा. बारावी पास. अमेरिकन पोरांना इंग्लिश शिकवते. आता बोला!"

सगळे हसतात. मीही हसते. बारा वर्षं एकाच विनोदाला हसून दाखवा, मग कळेल!

* * *

एकदा प्रिंटर बंद पडला. दुसऱ्या दिवशी टेस्ट होती, म्हणून प्रश्नपत्रिका मी हातानं सुवाच्य अक्षरात लिहिली आणि एकशे दहा कॉप्या काढल्या. टेस्ट सुरू झाल्यावर पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. "मिसेस जे," (जोशीचं मुलं एवढंच करतात) "हा वरचा प्रश्न कंपल्सरी आहे का?"

बघते तर काय, पानाच्या डोक्यावर मधोमध 'श्री'! लहानपणची सवय. कोरा कागद दिसला की हात आपोआप लिहितो.

एका पालकांचा फोन आला. मग ऑफिसची लेखी सूचना आली की परीक्षेच्या कागदावर अनधिकृत चिन्हं काढू नयेत. मी रडवेली होऊन लायब्ररीत गेले. तिथल्या म्हाताऱ्या सिस्टरनं, म्हणजे ननबाईनं, कागद निरखून पाहिला, अर्थ विचारला आणि म्हणाली, "आम्ही लहानपणी प्रत्येक पानावर जीझस, मेरी आणि जोसेफ अशा तिघांची आद्याक्षरं लिहायचो. तुमचं बरंय गं, एकातच भागतं!"

सिस्टर त्याच वर्षी वारली. सूचना अजून फाइलमध्ये आहे.

* * *

अ‍ॅश वेन्सडेला सगळ्या शाळेच्या कपाळावर चर्चच्या फादरनी लावलेला राखेचा क्रॉस असतो. त्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एका विद्यार्थ्याची आजी माझ्या कुंकवाकडे बराच वेळ पाहत राहिली. शेवटी जवळ येऊन हळूच म्हणाली, "तुमच्या चर्चला लाल मिळते वाटतं? आमचे फादर फार जुन्या वळणाचे!"

* * *

ब्रँडन नावाचा एक दांडगा मुलगा होता, फुटबॉल खेळणारा. त्यानं 'माझे आजोबा' असा चार पानी निबंध आणला. पहिलं पान तळ्यावर, दुसरं गळाला लावायच्या किड्यांवर, तिसरं बोटीच्या रंगावर. चौथ्या पानाच्या तळाला एक ओळ होती, की आजोबा आता मला ओळखत नाहीत.

मी म्हटलं, "अरे, हे पहिल्या वाक्यात लिही. मुख्य गोष्ट लपवायची नसते."

"पण मग वाचणाऱ्याला लगेच कळेल!"

"कळू दे."

"इट्स मीन, मिसेस जे."

"लपवणं जास्त मीन आहे, बाळा."

त्यानं ओळ वर आणली आणि बाकीचं वाचायला लागला. किड्यांपर्यंत आला आणि त्याला पुढं वाचवेना. मी खिडकीबाहेर बघत बसले. निबंधाला ए मिळाला. मिस्टर हॅन्लींनी खाली लिहिलं होतं, "माझ्या शिकवण्याचा उपयोग होतोय, हे पाहून आनंद झाला."

* * *

केटलिननं माझ्यावरच निबंध लिहिला! भेटलेली थोर व्यक्ती, असा विषय होता. तपासायला माझ्याकडेच आणला. त्यात मी अनवाणी होते, शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं आणि अमेरिकेत येऊन अक्षरं गिरवली होती. सातारचं माझं हायस्कूल, तिथले आमचे इंग्रजीचे कडक सर, सगळं गायब!

मी स्वल्पविराम तेवढे नीट केले. मुलांच्या निबंधात आपली वाक्यं घुसडायची नाहीत, हा माझा नियम.

पालकसभेत तिला पहिलं बक्षीस मिळालं. ती स्टेजवरून वाचत होती तेव्हा मी मागं समोशांचा ट्रे धरून उभी होते. शेजारच्या बाई डोळे पुसत म्हणाल्या, "बिचारी! आता कुठं असेल ती बाई?"

मी म्हटलं, "चटणी हवी का?"

* * *

गेल्या ऑगस्टमध्ये मिस्टर कॉर्बेट नवीन प्रिन्सिपल म्हणून आले. पहिल्याच मीटिंगमध्ये त्यांनी विचारलं, "चौदा नंबरमध्ये मुलांना लिहायला कोण शिकवतं? सर्टिफिकेशन काय आहे?"

सगळ्यांनी मिस्टर हॅन्लींकडे पाहिलं. हॅन्लींनी कॉफीत पाहिलं. म्हणाले, "शिकवत नाही. ती कागदांना मदत करते."

कागदांना!

माझं टेबल जाणार, हे मला तेव्हाच दिसलं. म्हटलं, डिग्रीच घेऊ. त्रेपन्नाव्या वर्षी कम्युनिटी कॉलेजचा फॉर्म आणला आणि शिफारसपत्र मागायला हॅन्लींकडे गेले. "तुम्हीच लिहा, मी सही करतो," ते म्हणाले. तशी त्यांची पद्धतच होती. ऑफिसची पत्रं भाषा तपासायला 'इंग्लिश'च्या ट्रेमध्ये यायची. ते ती न बघता माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी तपासली की परत पाठवायचे. ऑफिसला वाटे, हॅन्ली तपासतात.

दोन संध्याकाळी घालवून मी स्वतःबद्दल पाच ओळी लिहिल्या. हॅन्लींनी वाचल्या, सही केली आणि म्हणाले, "जरा कोरडं झालंय, मिसेस जे. लिहिणारा तुम्हाला फारसा ओळखत नसावा, असं वाटतं."

* * *

आता शेवटचा. हा सांगताना डोसा गार झाला.

या एप्रिलमधली गोष्ट. सोमवारी हॅन्लींनी नेहमीसारखे तीन कागद माझ्यापुढं टाकले आणि वर्गावर गेले. पहिली युनिफॉर्मची नोटीस. दुसरं कॉन्सर्टचं आमंत्रण. तिसरं मिस्टर कॉर्बेटचं पत्र, नावाची जागा कोरी. दोन परिच्छेद शाळेच्या परंपरेवर, एक कठीण काळावर, 'आपलं कुटुंब' तीन वेळा. चौथ्या परिच्छेदाच्या शेवटी लिहिलं होतं, की जूनपासून इंग्लिश डिपार्टमेंटच्या असिस्टंटची जागा राहणार नाही.

असिस्टंट आहोतच किती? एक.

मी पत्र दोनदा वाचलं. एकदा मोठ्यानं. जीभ अडखळली तिथं टिंब दिलं. मग शेवटचं वाक्य उचलून सगळ्यात वर नेलं. 'कुटुंब' तिन्ही ठिकाणी खोडलं. आणि बारा वर्षांत पहिल्यांदा नियम मोडून शेवटी एक वाक्य माझ्या मनचं घातलं: "तुम्ही मुलांचं ऐकून घेतलंत, ते ही शाळा विसरणार नाही." वर 'श्री' लिहिला नाही. सूचना लक्षात होती.

शुक्रवारी मिस्टर कॉर्बेटनी केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं, टिश्यूचा डबा माझ्याकडे सरकवला आणि पाकीट दिलं. मी उघडून वाचलं. एक शब्दही बदललेला नव्हता.

ते घसा खाकरून म्हणाले, "या पत्रावर मी फार मेहनत घेतलीय, मिसेस जोशी. शेवटचं वाक्य तर अगदी मनापासूनचं आहे."

मी पत्राची घडी घातली.

"वाचताना कळतं, सर."